सवतीचा शब्द

भगवान घावनळकराच्या संसारात एक सवत होती. तिच्यावरून नवरा-बायकोत कधी भांडण झालं नाही, कारण ती सवत म्हणजे खुद्द भगवानच होता.

दशावतारी कंपनीत तो जन्मभर स्त्रीपार्टी राहिला. नाव देवाचं, पण देवाचं काम काही त्याच्या वाट्याला आलं नाही. गळा बारीक, कंबर त्याहून बारीक, आणि रडणं असं की समोर बसलेल्या म्हाताऱ्या पदर तोंडाशी धरायच्या. तारामती, द्रौपदी, दमयंती, कुडाळच्या आसपासच्या जत्रांमधून त्यानं सगळ्यांचे भोग भोगले. संध्याकाळी पेटी उचलून निघायचं, देवळामागे आरसा मांडून आपला चेहरा आपणच रंगवायचा, रात्रभर नाचायचं, रडायचं, आणि उजाडलं की घर गाठायचं. रंग कितीही पुसला तरी कानामागे सफेदा उरायचा, पापण्यांत काजळ, मनगटावर बांगड्यांचे वळ, आणि मानेला सुरंगीच्या गजऱ्याचा वास.

सरस्वती खोबरेल कोमट करून वाटी घेऊन पडवीत बसलेली असायची. त्याचं डोकं मांडीवर घ्यायची आणि कापसाच्या बोळ्यानं पापण्या पुसता पुसता म्हणायची, “आज माझी सवत खूप रडली दिसता.” नाहीतर, “सवतीक सांगा, उशीक काजळ लावू नको म्हणान. धुताना माझो जीव जाता.” भगवान डोळे मिटून हसायचा. त्या घरात हसण्यासारखं फारसं काही नसायचं. ही एक थट्टा मात्र दोघांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरली.

गंमत म्हणजे ही सवत सरस्वतीनं कधी पाहिलीच नव्हती. लग्न झालं त्याच वर्षी भगवाननं तिला हात जोडले होते. “तू समोर बसलंस तर माझो पाय अडकतलो. तू येव नको.” ती म्हणाली, “बरां.” आणि बरां म्हटलेलं तिनं पाळलं. सारं गाव जत्रेला लोटायचं आणि ही घरात वाटीतलं तेल जपत बसायची. कधीतरी विचारायची, “दिसता तरी कशी ती?” तो म्हणायचा, “तुझ्यापेक्षा बरी.” मग ती त्याच्या दंडाला चिमटा काढायची. जवळच्या माणसाला आपण काय नाकारतोय हे पुरुषमाणसाला वेळेवर कळलं असतं तर जगात निम्मी रडारड झाली नसती. भगवानलाही तेव्हा कळलं नाही.

त्या कंपनीची आणखी एक रीत इथेच सांगायला हवी. कंपनीचे म्हातारे नाईक नव्या पोराला रंग हातात देण्याआधी बजावायचे, “रंगात दिलेलो शब्द पाळूचो. रंग लागलो की बोलता तो तू नाय. मगे मी तसा म्हटलंय नाय, ह्या तुका सांगूक येवचा नाय.” दशावतारात लिहिलेलं काही नसतं, जे सुचेल ते बोलायचं, म्हणून जीभ सांभाळायची. एकदा त्यांच्यातल्या नारदानं भर नाटकात पुढे बसलेल्या एका शेतकऱ्याला थट्टेत वासरू कबूल केलं होतं. नाटक संपल्यावर नाईकांनी नारदाच्या गोठ्यातलं वासरू सोडून शेतकऱ्याच्या दारात नेऊन बांधलं. नारदाची बायको महिनाभर नाईकांच्या नावानं बोटं मोडत होती. पण शब्द तो शब्द.

गुडघे गेले तसा भगवान डोंबिवलीला मुलाकडे आला. रवींद्र एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर. गरीबाचा वाडा म्हणतात त्या भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. सून शिवानी समोरच्याच गल्लीत पार्लर चालवायची. भगवाननं येताना भांडीकुंडी वाटून टाकली, पण पेटी आणली. ती पलंगाखाली गेली आणि दर दसऱ्याला हळदकुंकवापुरती बाहेर येऊ लागली.

तीनेक वर्षं बरी गेली. मग सरस्वती विसरायला लागली.

सुरुवातीला शेजारणींची नावं गेली. मग गॅस बंद करायचं गेलं. मग रवींद्र तिला आपला मेलेला भाऊ वाटायला लागला, आणि रवींद्रनं तेही चालवून घेतलं, मामाच्या नावानं मारलेल्या हाकेला ओ दिली. डॉक्टर म्हणाले, हे असंच पुढे जाणार, घरात कोणीतरी सतत लागेल. भगवान होताच. पण एका सकाळी चहाचा कप पुढे करताना सरस्वतीनं पदर सावरून घेतला आणि परक्या माणसाशी बोलतात तसं त्याला म्हणाली, “माझे घोव येतीत इतक्यात. तुम्ही भायर बसा.”

“अगो, मीच तो. भगवान.”

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा अपमान होऊ नये इतपत आदबीनं पाहिलं. “नाय,” ती म्हणाली. “ते असे नाय दिसणत.”

भगवान कप घेऊन गॅलरीत जाऊन बसला. त्या दिवसापासून दुसरं काही त्याला नको झालं. ती पूर्वीसारखी होईल अशी आशा त्यानं धरलीच नव्हती, तो काही खुळा नव्हता. एकदा, फक्त एकदा तिनं आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं. गणपतीला त्यानं तेच मागितलं, आणि एरवी ज्यांच्याकडे ढुंकून पाहत नसे त्या टीव्हीवरच्या ज्योतिषांचंही ऐकून पाहिलं.

पुढे पुढे तिनं त्याच्या हातून जेवणंही सोडलं. त्याच्याच काय, कोणाच्याच हातून धड जेवेना. परक्या माणसांनी पुढे केलेलं ताट शहाणी बाई घेत नाही, असं तिचं म्हणणं. अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं. एका संध्याकाळी रवींद्र चपला काढता काढता म्हणाला, “बाबा, शीळफाट्याच्या पुढे एक सेंटर आहे. मी बघून आलेलो. नर्स वगैरे असतात, स्वच्छ आहे. नळीने का होईना, खायला तरी घालतील.” हे म्हणताना त्याचं बापाकडे बघायचं धाडस होईना, आणि भगवानलाही त्याचा राग येईना. पोरगं रात्रपाळी करून दिवसा आईमागे धावत होतं.

“महिना जाऊ दे,” भगवान म्हणाला.

त्याच महिन्यात डोंबिवलीतल्या कुडाळकर मंडळींनी मैदानावर दशावतार ठेवला होता. म्हाताऱ्या भगवाननं द्रौपदी करावी म्हणून चार जण घरी येऊन पाया पडून गेले. भगवानचं मन नव्हतं, पण शिवानी म्हणाली, “जा तुम्ही. मी आहे ना आईंजवळ. तुम्ही पण माणूस आहात.”

संध्याकाळी भगवान मैदानावर तंबूत बसून रंगला. आता हाताला कंप, म्हणून तो सगळ्यांच्या आधी बसला. सफेदा, गालावर लाल हिंगूळ, डोळ्यांत काजळ, गंगावन घालून अंबाडा, जरीचं हिरवं लुगडं, नाकात नथ. बांगड्या भरत होता तोच फोन वाजला.

“बाबा, लवकर या,” रवींद्र ओरडत होता. “शिवानी दूध आणायला खाली उतरलेली, तेवढ्यात आईने आतून कडी लावलीय. गॅसवर काहीतरी ठेवलंय, वास येतोय. आम्हाला चोर म्हणतेय, हातात लाटणं घेऊन उभी आहे.”

भगवान होता तसा उठला. रिक्षावाला म्हणाला, “ताई, कुठे?” आणि आरशात नीट बघितल्यावर बिचारा घर येईपर्यंत गप्प बसला. गुडघ्यांची आठवणही न होता भगवान दोन मजले चढला. गॅलरीत शेजारी जमले होते, कोणीतरी दार फोडायला पहार आणली होती. खिडकीच्या गजांआड सरस्वती उभी होती, पांढरीफटक. गॅसचा वास जिन्यापर्यंत येत होता.

भगवान गजांपाशी गेला. रंग चढला की त्याचा आवाज आपोआप बाईचा व्हायचा, तसाच झाला. “दार उघड गो, बाय माझी.”

सरस्वतीनं त्याला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं. लुगडं, बांगड्या, काजळ. हातातलं लाटणं खाली आलं.

“इलंस?” ती म्हणाली. “किती वर्सां वाट बघतंय तुझी. ह्यांच्या अंगाक तुझो वास यायचो. तू मात्र कधी इलंस नाय.”

आणि तिनं कडी काढली.

शिवानीनं आत धावत जाऊन गॅस बंद केला, रवींद्रनं खिडक्या उघडल्या. सरस्वतीला त्यांचं काही नव्हतं. तिनं त्या बाईला हाताला धरून पलंगावर बसवलं आणि तिचा अंबाडा, तिची नथ बोटानं चाचपून पाहत राहिली. “बरी आसस दिसाक,” ती अखेर म्हणाली. “ते म्हणायचे ता खरा.”

आजारानं तिची सगळी समजूत पुसली होती आणि थट्टा तेवढी ठेवली होती. आणि थट्टा म्हणजे थट्टा, हे कळायलाही समजूत लागतेच. सरस्वतीच्या लेखी आता सवत खरी होती.

त्या रात्री द्रौपदीशिवाय मंडळींनी कसंबसं निभावून नेलं. इकडे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत सरस्वती सवतीच्या हातून दहीभात जेवली. सगळा जेवली, ताट पुसून.

शीळफाट्याचं नाव मग कोणी काढलं नाही. भगवान रोज दुपारी मोरीत आरसा लावून रंगायला बसू लागला. शिवानीनं सुरुवातीला म्हटलं, “बाबा, माझ्याकडचं फाउंडेशन घ्या, चेहऱ्याला त्रास नाही होणार.” ते लावून तो पुढे गेला तर सरस्वती म्हणाली, “ही कोण? ती खंय?” तेव्हा पुन्हा सफेदाच. म्हाताऱ्या कातडीला तो रोज रोज सोसेना. गालावर चट्टे उठले, डोळे सुजून लाल झाले. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात त्याला बघून एकमेकांना कोपर मारायची. रवींद्रला आधी लाज वाटली, मग एक दिवस आईच्या गालावर मांस धरलेलं दिसलं आणि लाजेकडे तो बघेनासा झाला.

सवतीशी सरस्वती बोलायची. जन्मभर नवऱ्याशी बोलली नसेल इतकं बोलायची, भात चिवडत चिवडत, मध्येच थांबून. आणि बहुतेक बोलणं नवऱ्याचंच असायचं. “आता येतीत,” ती दाराकडे बघून म्हणायची. “आज जरा उशीर झालो.”

समोर रंगून बसलेला भगवान मनाशी म्हणायचा, ही वाट बघतेय ती माझी. आणि मी हा इथे, हिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलोय. मधे काय आहे तर बोटभर सफेदा.

माणूस लोभी असतो. पोटभर जेवतेय यात एरवी त्यानं सुख मानलं असतं, पण ती वाट बघतेय हे कळल्यावर त्याला ओळख हवी झाली. त्याला एक युक्ती सुचली. डोक्यानं विसरली असेल, पण हात विसरत नाहीत. एका दुपारी तिचं जेवण झाल्यावर त्यानं शिवानीला खोबरेल कोमट करून आणायला सांगितलं. वाटी आणि कापूस सरस्वतीच्या हातात दिला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग तिनं बोट तेलात बुडवून पाहिलं, किती गरम आहे ते. बोळा केला. आणि डाव्या पापणीवर, आतून बाहेर, हलक्या हातानं फिरवायला लागली, अगदी पडवीत फिरवायची तसा. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. भगवानच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन तेलात मिसळलं. त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. डोळे झाले, गाल झाले, कपाळावरचं कुंकू गेलं. गुणगुणणं थांबलं.

भगवाननं डोळे उघडले. “अगो,” तो आपल्या आवाजात म्हणाला, “मी.”

सरस्वती त्याच्याकडे बघत होती. मांडीवर एक म्हातारा होता, सुजल्या डोळ्यांचा, अर्ध्या कानाला सफेदा लागलेला. वाटी तिच्या हातातून पडली.

“तिका खंय नेलंस?” ती किंचाळली. “हंय होती ती. तिका खंय नेलंस?”

दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मोरीत, पलंगाखाली, कपाटाच्या मागे ती त्या बाईला शोधत फिरली. भगवान गॅलरीत उकिडवा बसून राहिला. तिचे हात त्याला ओळखत होते, आणि त्याच हातांनी त्यानं तिची एकुलती सोबतीण पुसून घेतली होती. असली अक्कल फक्त नवऱ्यांनाच सुचते.

तिसऱ्या दिवशी चट्ट्यांवर तूप लावून, त्यावर सफेदा लावून सवत परत आली. सरस्वतीनं तिला पोटाशी धरलं. मग कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, “त्या म्हाताऱ्याक घरात घेव नको. तेना तुका पुसून टाकल्यान.”

“नाय घेवचंय,” भगवान म्हणाला. आणि रंगात दिलेला शब्द, म्हणून त्या दिवसापासून तो बिनरंगाचा तिच्या समोरच गेला नाही. ती उठायच्या आत रंगायचा, ती झोपल्यावर पुसायचा. ओळख मागायचं त्यानं सोडून दिलं. सोडलं म्हणजे काय, गिळलं.

दिवाळीनंतर सरस्वती अंथरुणाला खिळली. बोलणं तुटक झालं. पण एका दुपारी, पलीकडच्या बिल्डिंगच्या भिंतीवरून ऊन परतून खोलीत आलं होतं तेव्हा, तिनं सवतीचा हात धरला. नजर अगदी स्वच्छ होती.

“ऐक,” ती म्हणाली. “मी काय आता रवणंय नाय. तेंका तुझ्याकडे सोपवतंय.”

भगवाननं बाईच्या आवाजात विचारलं, “माझो राग नाय इलो कधी तुका?”

“पयल्यांदा इलो.” ती थांबली, दम घेतला. “मगे म्हटलंय, रातभर तेंका कोण बघता? तू बघतंस. बरां झाला म्हटलंय.”

मग ती सांगत गेली. मुलगी सासरी पाठवताना सांगतात तशा बारीकसारीक गोष्टी, उलटसुलट, मध्येच तेच तेच. भाकरी कडेला जराशी करपलेली लागते, ते मागणार नाहीत, आपण ओळखायचं. रागावले की भिंतीकडे तोंड करून निजतात, तेव्हा हाक मारायची नाही, उशाशी कप आपटून ठेवायचा. जागून आले की दुपारपर्यंत उठवायचं नाही. आणि तेल कोमट करून द्यायचं, गार तेल डोळ्यांत जातं, डोळे आधीच नाजूक.

“आणि एकटे जेवणत नाय,” ती म्हणाली. “उपाशी निजतीत, पण एकटे ताटार बसणत नाय. तू समोर बस. जेवा म्हण. तुझा ऐकतीत.”

भगवान मान हलवत होता. काजळ ओघळून गालावर उतरलं होतं.

“नुसती मान हलवू नको. शब्द दी.”

आपण कोणाला कोणाचा शब्द देतोय, याचा विचार करायला गेला असता तर तो वेडा झाला असता. त्यानं तिच्या तळहातावर बांगड्यांचा हात ठेवला. “दिलो,” तो म्हणाला. “सांभाळीन.”

सरस्वती हसली. “दिसतत बरे,” ती म्हणाली, “पण तसे खुळेच आसत.” आणि झोपली.

पुढे चार-पाच दिवसांनी पहाटे, भगवान रंगायला उठायच्या आधीच, ती गेली.

माणसं जमली. अहेव गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, शिवानीनं मळवट भरला. एकेक सवाष्ण पुढे येऊन ओटी भरत होती. कोणीतरी दारातून विचारलं, “अजून कोणी सवाष्ण ऱ्हवली काय?” कोपऱ्यात बसलेला भगवान अर्धवट उठला. मग त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, केसाळ, बिनबांगड्यांचे हात, आणि तसाच खाली बसला. कोणाच्या ते लक्षात आलं नाही. फक्त शिवानीनं पाहिलं.

दिवस झाले. पाहुणे गेले. आणि भगवाननं जेवणं सोडलं. सोडायचं म्हणून सोडलं नाही, ताटावर बसायचा, पण घास उचलायचा नाही. रवींद्र शेजारी बसून म्हणायचा, “बाबा, दोन घास तरी.” शिवानी मऊ भात कालवून द्यायची. तो म्हणायचा, “जेवतंय रे, ठेव.” ताट तसंच उचललं जायचं. रवींद्र एकदा चिडून म्हणाला, “आईला तुम्ही भरवलंत, आता आम्ही तुम्हाला कसं भरवायचं ते तरी सांगा.” भगवान भिंतीकडे तोंड करून निजला.

शिवानी विचार करत राहिली. ओटी भरताना अर्धवट उठलेला सासरा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या दुपारी सासूनं सवतीला सांगितलेलं सगळं तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी रवींद्र कामावर गेल्यावर तिनं तांदळाची भाकरी केली आणि तव्यावर मुद्दाम जरा जास्त ठेवली. ताट भगवानच्या खोलीत नेऊन ठेवलं. निजलेल्या सासऱ्याच्या उशाशी चहाचा कप आपटला. मग पलंगाखालची पेटी ओढून त्याच्यापुढे सरकवली.

“बाबा,” ती म्हणाली, “आईंना शब्द दिलाय एकीने. ती कुठे गेली?”

आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली.

भगवान उठून बसला. पेटीला हात लावून तो कपाळाला नेला आणि झाकण उघडलं. सफेदा त्यानं घेतला नाही. आरसा काढला आणि ताटापलीकडे पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. हिरवं लुगडं घडी न मोडता खांद्यावरून डोक्यावर घेतलं. कुंकवाची डबी उघडून बोट बुडवलं आणि थबकला. घरात सुतक नुकतंच फिटलेलं. पण सवतीनं कुंकू का लावू नये? तिचा नवरा जिवंत होता.

त्यानं कुंकू लावलं. आरशातल्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं. सुजलेले डोळे, गालावर चट्टे, जागून जागून थकलेली. तिच्या मागे तिला पुसून टाकणारा म्हातारा होता, आणि तिनं त्याच्याशी भांडण धरलं नव्हतं.

“जेवा,” ती म्हणाली.

भगवानचा हात ताटाकडे गेला. त्यानं भाकरीची करपलेली कड मोडली, भाजीत बुडवली आणि तोंडात घातली. घास फिरत राहिला, उतरेना. समोरची बाई रडत होती, पण उठून गेली नाही. तो घास गिळेपर्यंत ती त्याच्यासमोर बसून राहिली.